लिनक्स प्रणालीवरील यूएसबी नेटवर्क अडॅप्टरचे दोषनिदान : एक टप्पानिहाय विवेचन

सारांश

महाविद्यालयांतील जुने संगणक लिनक्स प्रणालीवर आणताना नेटवर्क जोडणीचा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. अशा संगणकांना बिनतारी जोडणी देण्यासाठी यूएसबी अडॅप्टर वापरला जातो आणि तो प्रथम प्रयत्नात चालला नाही, की अडॅप्टर किंवा प्रणाली यांपैकी एकाला सदोष ठरविले जाते. प्रस्तुत लेखात अडॅप्टरपासून संकेतस्थळापर्यंतच्या मार्गाचे सात टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर कोणता प्रश्न विचारावा व त्याचे उत्तर प्रणालीकडून कसे मिळवावे, याचे विवेचन केले आहे. बहुतेक प्रसंगी बिघाडाची नोंद प्रणालीने आधीच करून ठेवलेली असते. ती न वाचता केलेले उपाय वेळेचा व साधनांचा अपव्यय ठरतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : लिनक्स, यूएसबी अडॅप्टर, कर्नल, ड्रायव्हर, फर्मवेअर, दोषनिदान

१. प्रास्ताविक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित सुरक्षा-पाठिंबा समाप्त झाला. विंडोज ११ साठी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व तुलनेने अलीकडचा प्रोसेसर आवश्यक असल्याने, सुस्थितीतील अनेक जुने संगणक या नव्या प्रणालीस अपात्र ठरले. या संगणकांवर डेबियन, उबुंटू यांसारखी मुक्त प्रणाली बसवून त्यांचे आयुष्य वाढविणे, हा महाविद्यालयांपुढील एक व्यवहार्य मार्ग आहे. परंतु जुन्या डेस्कटॉप संगणकांत बिनतारी जोडणीची अंगभूत सोय सहसा नसते. यास्तव बाजारातून लहानसा यूएसबी अडॅप्टर आणला जातो आणि येथेच अडचणीस प्रारंभ होतो.

अडॅप्टर बसविला, दिवा लागला, पण नेटवर्कची यादी रिकामीच राहिली, हा अनुभव अनेक अध्यापकांना परिचित असेल. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक असते आणि हाताशी तंत्रज्ञ नसतो. अशा वेळी प्रणाली पुन्हा बसविली जाते, दुसरा अडॅप्टर विकत घेतला जातो किंवा 'लिनक्सवर हे चालत नाही' असा निष्कर्ष काढून संगणक भंगारात काढला जातो. या तिन्ही कृतींत एक समान उणीव आहे. बिघाड नेमका कोठे आहे हे ठरण्यापूर्वीच उपाय केलेला असतो.

२. उद्दिष्टे व मर्यादा

१. अडॅप्टर चालण्यासाठी प्रणालीत क्रमाने काय घडावे लागते ते स्पष्ट करणे.
२. प्रत्येक टप्प्यावरील बिघाडाची लक्षणे व कारणे सांगणे.
३. संगणकशास्त्राव्यतिरिक्त अन्य विषयांच्या अध्यापकांनाही वापरता येईल अशी दोषनिदानाची पद्धत मांडणे.

विवेचन लिनक्सपुरते मर्यादित आहे. लेखातील आज्ञा देवनागरीत उच्चारानुसार दिल्या असून प्रत्यक्षात त्या टर्मिनलमध्ये रोमन लहान अक्षरांत टंकित कराव्यात.

३. अडॅप्टर ते संकेतस्थळ : सात प्रश्न

संकेतस्थळ उघडण्यापूर्वी पुढील सात प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असावी लागतात.

१. अडॅप्टरला वीज मिळते काय व तो यूएसबी मार्गावर दिसतो काय?
२. तो नेटवर्क साधन म्हणून दिसतो काय?
३. त्याच्यासाठी योग्य ड्रायव्हर कर्नलमध्ये उपलब्ध आहे काय?
४. त्या ड्रायव्हरला हवे असलेले फर्मवेअर सापडले काय?
५. रेडिओ बंद तर केलेला नाही ना?
६. नेटवर्कशी जोडणी होऊन आयपी पत्ता मिळाला काय?
७. नावावरून पत्ता शोधण्याची सेवा चालते काय?

हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा असतो. ड्रायव्हर नसताना पासवर्ड तपासणे, किंवा अडॅप्टर मार्गावरच दिसत नसताना ड्रायव्हर शोधणे व्यर्थ होय. म्हणून वरून खाली जावे आणि जेथे पहिला नकार येईल तेथेच थांबावे. शोध तेथे संपतो व उपाय तेथून सुरू होतो.

४. टप्पानिहाय विवेचन

४.१ वीज व जोडणी

अडॅप्टर बसवून 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी. संगणकास जोडलेल्या सर्व यूएसबी साधनांची यादी दिसते. अडॅप्टर काढून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. यादीतून जी ओळ नाहीशी होते ती अडॅप्टरची. कोणतीच ओळ नाहीशी होत नसेल, तर अडॅप्टर प्रणालीपर्यंत पोहोचलेलाच नाही असे समजावे.

यानंतर कर्नलची नोंदवही वाचावी. 'सुडो डीमेसेज' या आज्ञेने ती दिसते. बसविण्याच्या क्षणीच्या नोंदींत 'एरर उणे ७१' आढळल्यास संदेशांची देवाणघेवाण बिघडली आहे, तर 'एरर उणे ११०' आढळल्यास साधनाने ठरावीक वेळेत उत्तर दिलेले नाही, असा अर्थ होतो. दोन्ही प्रसंगी कारण बहुधा भौतिक असते : सैल सॉकेट, सदोष वायर, अपुरी वीज किंवा खुद्द अडॅप्टरमधील दोष.

यूएसबी २.० सॉकेटमधून साधनास ५०० मिलिअँपिअरपर्यंत, तर यूएसबी ३.० मधून ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेता येते. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबवर मात्र प्रत्येक सॉकेटच्या वाट्यास प्रमाणानुसार १०० मिलिअँपिअरच येतात. म्हणून हब टाळून अडॅप्टर थेट संगणकाच्या मागील बाजूस बसवावा. पुढील सॉकेट आतल्या वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात व जुन्या संगणकांत ती जोडणी कमकुवत झालेली असू शकते. त्यानंतरही तो दिसला नाही तर दुसऱ्या संगणकावर बसवून पाहावा. तेथेही न दिसल्यास अडॅप्टरच निकामी आहे असे म्हणण्यास आधार मिळतो. तत्पूर्वी नाही.

४.२ ओळख : खोक्यावरील नाव आणि खरे नाव

'एलएसयूएसबी'च्या प्रत्येक ओळीत विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी विभागलेली चार-चार अंकाक्षरांची जोडी असते. पहिला गट उत्पादकाचा व दुसरा वस्तूचा क्रमांक होय. हे क्रमांक षोडशमान पद्धतीत लिहिलेले असल्याने त्यांत ० ते ९ या अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरेही येतात. लिनक्स ड्रायव्हरची निवड या क्रमांकांवरून करते. खोक्यावरील व्यापारी नावाशी तिला कर्तव्य नसते.

ही बाब खरेदी करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. एकाच व्यापारी नावाच्या व क्रमांकाच्या अडॅप्टरमध्ये निरनिराळ्या आवृत्त्यांत निरनिराळ्या चिप असू शकतात. 'तोच अडॅप्टर शेजारच्या प्रयोगशाळेत चालतो' हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे. दोन्हींचे क्रमांक जुळले तरच तो 'तोच' अडॅप्टर होय.

४.३ सीडीचे सोंग

सर्वाधिक गोंधळ निर्माण करणारा प्रकार येथे सविस्तर पाहू. रिअलटेक आरटीएल ८८११सीयू व ८८२१सीयू या चिपवर आधारित काही अडॅप्टर बसविले असता यादीत '०बीडीए : १ए२बी' हा क्रमांक दिसतो आणि वर्णनात सीडीचा उल्लेख येतो. नेटवर्क साधनाचा मागमूसही नसतो. वस्तुतः यात बिघाड काहीच नाही. विंडोज वापरणाऱ्यास वेगळी सीडी द्यावी लागू नये म्हणून ड्रायव्हर अडॅप्टरमध्येच साठविलेला असतो आणि अडॅप्टर आरंभी एक आभासी सीडी-ड्राइव्ह म्हणून स्वतःची ओळख देतो. विंडोजवर ड्रायव्हर बसला की तो ड्रायव्हर त्यास सोंग टाकण्याचा आदेश देतो. लिनक्सवर हा आदेश कोणी दिला नाही, तर अडॅप्टर सीडी बनूनच राहतो.

मोबाइल इंटरनेटसाठी वापरल्या जाणाऱ्या यूएसबी मोडेममध्ये ही युक्ती फार पूर्वीपासून प्रचलित होती. त्यावर तोडगा म्हणून जोसुआ डीट्झ यांनी 'यूएसबी मोडस्विच' ही आज्ञावली रचली. प्रमुख लिनक्स वितरणांत ती याच नावाच्या पॅकेजरूपाने उपलब्ध आहे. ती बसविलेली असल्यास व तिच्या माहितीसंचात संबंधित क्रमांक असल्यास रूपांतर आपोआप होते. अन्यथा उत्पादक व वस्तू यांचे क्रमांक देऊन ती हाताने चालविता येते. आभासी सीडी फाइल-व्यवस्थापकात दिसत असेल, तर ती नेहमीच्या सीडीप्रमाणे 'बाहेर काढणे' एवढ्यानेही पुष्कळदा काम भागते. रूपांतर झाल्यावर 'एलएसयूएसबी' पुन्हा चालवावे. आता '०बीडीए : सी८११' असा नवा क्रमांक दिसला, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी झाले.

जो अध्यापक यादी न वाचता थेट ड्रायव्हर शोधू लागतो, त्याने योग्य ड्रायव्हर बसविला तरी अडॅप्टर चालणार नाही. कारण त्या क्षणी प्रणालीपुढे नेटवर्क साधन उभेच नसते. क्रमाचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

४.४ ड्रायव्हर

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. ते वेगळे 'डाउनलोड' करण्याची सवय विंडोजवरून आलेली आहे. म्हणून येथे पहिला प्रश्न 'ड्रायव्हर कोठे मिळेल?' हा नसून 'आपले कर्नल कोणत्या आवृत्तीचे आहे?' हा असावा. 'यूनेम' या आज्ञेस 'उणे आर' हा पर्याय जोडला असता उत्तर मिळते. 'एलएसयूएसबी' ला 'उणे टी' हा पर्याय जोडला असता प्रत्येक साधनास कोणता ड्रायव्हर लागला आहे तेही दिसते. अडॅप्टरच्या ओळीत ड्रायव्हरची जागा रिक्त असेल, तर कर्नलला त्या क्रमांकासाठी ड्रायव्हर सापडलेला नाही.

वरील उदाहरणच पुढे नेऊ. ८८२१सीयू चिपच्या यूएसबी अडॅप्टरसाठीचा ड्रायव्हर 'आरटीडब्ल्यू ८८' या संचाद्वारे कर्नल ६.२ मध्ये समाविष्ट झाला. हे कर्नल फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये मात्र कर्नल ६.१ आहे. एका पायरीने अंतर पडले आणि अडॅप्टर 'चालेनासा' झाला. उबुंटू २४.०४ मूळ कर्नल ६.८ सह, तर ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ कर्नल ६.१२ सह आले. त्यांवर हा ड्रायव्हर उपलब्ध आहे. म्हणजे एकाच संगणकावर, एकाच अडॅप्टरने, केवळ कर्नल बदलल्याने निकाल बदलतो. डेबियन १२ वरच राहावयाचे असल्यास त्याच्या 'बॅकपोर्ट्स' भांडारातून नवे कर्नल घेता येते.

कर्नलबाहेरील ड्रायव्हर स्वतः संकलित करून बसविणे हा अखेरचा पर्याय मानावा. कर्नलची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलत असते व ती स्थिर ठेवण्याचे बंधन कर्नलच्या विकासकांनी स्वीकारलेले नाही. त्यामुळे आज चालणारा बाहेरील ड्रायव्हर उद्याच्या अद्ययावतीकरणानंतर बंद पडू शकतो. 'डीकेएमएस' ही व्यवस्था प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा संकलित करते, परंतु त्यासाठी त्या कर्नलच्या 'हेडर' फायली बसविलेल्या असाव्या लागतात आणि मूळ संहिताही नव्या रचनेशी जुळावी लागते. शिवाय संगणकात 'सिक्युअर बूट' चालू असल्यास स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल नाकारते. अशा वेळी स्वतःची स्वाक्षरी-किल्ली नोंदवावी लागते.

४.५ फर्मवेअर

ड्रायव्हर संगणकात चालतो, तर फर्मवेअर अडॅप्टरमधील चिपवर चालते. अनेक चिपमध्ये ते कायमचे साठविलेले नसून दर वेळी संगणकाकडून पाठवावे लागते. ते न सापडल्यास नोंदवहीत फायलीच्या नावासह 'एरर उणे २' असा उल्लेख येतो. उणे २ म्हणजे फाइल अस्तित्वात नाही. फायलीचे नाव हाती आल्यामुळे येथे तर्क करण्याचे कारणच उरत नाही. ती फाइल असलेले पॅकेज बसवून अडॅप्टर काढून पुन्हा लावावा.

डेबियनमध्ये हा प्रश्न तात्त्विक भूमिकेतून उद्भवला होता. ज्या फर्मवेअरची मूळ संहिता खुली नाही, ते अधिकृत प्रतिष्ठापन-माध्यमात ठेवले जात नसे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने ही भूमिका बदलली आणि डेबियन १२ पासून असे फर्मवेअर माध्यमात समाविष्ट होऊ लागले. जुन्या आवृत्तीवरून श्रेणीवाढ केलेल्या संगणकांत मात्र 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा भांडार-विभाग यादीत जोडलेला आहे की नाही ते पाहावे. याउलट अथेरॉस एआर ९२७१ या चिपचे फर्मवेअरही २०१३ मध्ये खुले झाले आणि तिचा ड्रायव्हर २०१० पासून कर्नलमध्ये आहे. ही चिप केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालते व तिचा वेग मर्यादित आहे, पण जुन्या संगणकांवरील सामान्य वापरास ती पुरेशी ठरते.

४.६ बंद रेडिओ, बदललेले नाव

'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा रेडिओ अडविलेला आहे काय ते सांगते. 'सॉफ्ट' अडथळा आज्ञेने दूर होतो. 'हार्ड' अडथळा यंत्रावरील कळीने किंवा तिच्या संकेताने येतो व तो आज्ञेने हटत नाही.

नावाचा प्रश्नही येथेच उद्भवतो. पूर्वी पहिले बिनतारी साधन 'डब्ल्यूलॅन शून्य' या नावाने ओळखले जाई. २०१३ मध्ये सिस्टीमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून नावे देण्याची नवी पद्धत आली. यूएसबी अडॅप्टरच्या बाबतीत बहुतेक वितरणांत 'डब्ल्यूएलएक्स' या अक्षरांपुढे त्याचा बारा अंकाक्षरी मॅक पत्ता जोडला जातो. एकूण पंधरा अक्षरांचे हे नाव विचित्र दिसले तरी योग्यच असते, आणि पंधरा ही कर्नलची कमाल मर्यादाही आहे. जुन्या सूचनापत्रकातील 'डब्ल्यूलॅन शून्य' असलेल्या आज्ञा मात्र येथे निष्फळ ठरतात.

४.७ जोडणी, पत्ता व नामशोध

'एनएमसीएलआय डिव्हाइस' या आज्ञेच्या उत्तरात अडॅप्टरपुढे 'अनमॅनेज्ड' असे आले, तर नेटवर्क मॅनेजरने त्याकडे लक्ष देणे सोडले आहे. डेबियनमध्ये 'इंटरफेसेस' या जुन्या पद्धतीच्या फायलीत त्या अडॅप्टरची नोंद असल्यास असे घडते. ती नोंद काढून सेवा पुन्हा सुरू करावी.

जोडणी झाली, पण पत्ता मिळाला नाही किंवा १६९.२५४ ने आरंभ होणारा पत्ता मिळाला, तर राउटरकडून पत्ता देण्याची प्रक्रिया पूर्ण झालेली नाही. महाविद्यालयात नोंदविलेल्या मॅक पत्त्यांनाच प्रवेश असेल, तर नवा अडॅप्टर म्हणजे नवा मॅक पत्ता, हे व्यवस्थापकास कळवावे लागते. पत्ता मिळाला असल्यास 'पिंग' ने आधी राउटर, मग बाहेरील एखादा अंकी पत्ता व शेवटी एखादे नाव तपासावे. अंकी पत्ता प्रतिसाद देतो व नाव देत नाही, अशी स्थिती असेल तर दोष नामशोध सेवेत आहे. अडॅप्टर तेथे पूर्णपणे निर्दोष असतो.

जुन्या संगणकांत आणखी एक कारण संभवते. मदरबोर्डवरील बॅटरी संपल्याने घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात. नेटवर्क चालू असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर प्रथम तारीख पाहावी.

५. चालतो, पण तुटतो

सातही उत्तरे होकारार्थी असूनही जोडणी मधूनमधून तुटत असेल, तर दोन कारणे प्राधान्याने तपासावीत. पहिले म्हणजे रेडिओ हस्तक्षेप. यूएसबी ३.० च्या सॉकेट व वायरींमधून होणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात शिरतो, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक निबंधात दाखविले आहे. अडॅप्टरशेजारी बाह्य हार्ड डिस्क लावताच वेग घसरत असेल तर हेच कारण संभवते. लहान विस्तार-वायर वापरून अडॅप्टर दूर नेणे, यूएसबी २.० सॉकेट निवडणे किंवा अडॅप्टर व राउटर यांत सोय असल्यास ५ गिगाहर्ट्झ पट्टा वापरणे, हे उपाय होत. दुसरे कारण वीजबचतीचे. काम नसताना अडॅप्टर झोपी जातो व वेळेवर जागा होत नाही. 'आयडब्ल्यू' या आज्ञेने वीजबचत तात्पुरती बंद करून फरक पडतो काय ते पाहावे व पडल्यास तो बदल कायम करावा.

६. दोन खबरदाऱ्या

पहिली खबरदारी विश्वासाची. अडॅप्टर चालत नाही म्हणून अनोळखी ठिकाणची स्क्रिप्ट 'सुडो' सह चालविणे म्हणजे संगणकाच्या सर्व किल्ल्या परक्याच्या हाती देणे होय. विद्यार्थ्यांची माहिती असलेल्या संगणकावर हे कदापि करू नये. वितरणाचे अधिकृत भांडार प्रथम, इतर सर्व त्यानंतर.

दुसरी खबरदारी पूर्वतयारीची. ड्रायव्हर किंवा फर्मवेअर आणण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी तेच हवे, असा कोंबडी-अंड्याचा पेच येथे पडतो. नेटवर्कची साधी केबल लावून किंवा अँड्रॉइड मोबाइल यूएसबी वायरने जोडून त्यावरील 'यूएसबी टिदरिंग' सुरू करून हा पेच सुटतो. मोबाइलची ही जोडणी लिनक्सवर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालते.

७. निष्कर्ष

१. यूएसबी अडॅप्टर 'न चालणे' हा एक बिघाड नसून किमान सात वेगवेगळ्या स्थितींना दिलेले एकच नाव आहे. प्रत्येक स्थितीचा उपाय वेगळा आहे.
२. क्रमांक, कर्नलची आवृत्ती व नोंदवहीतील संदेश या तीन बाबी वाचल्यास बहुतांश प्रसंगी दोषाचे स्थान निश्चित होते. त्यासाठी कोणताही बदल करावा लागत नाही.
३. खरेदीपूर्वी अडॅप्टरच्या व्यापारी नावाऐवजी त्यातील चिप व आपल्या कर्नलमधील तिचा आधार तपासणे हितावह आहे.
४. एका वेळी एकच बदल करावा व त्याची लेखी नोंद ठेवावी. अनेक बदल एकत्र केल्यास अडॅप्टर चालू झाला तरी तो कशामुळे चालू झाला हे कळत नाही आणि उर्वरित संगणकांवर तीच धडपड पुन्हा करावी लागते.

शेवटी एक शैक्षणिक बाब नमूद करणे आवश्यक वाटते. प्रयोगशाळेत अडॅप्टर बंद पडला असता अध्यापक जे करतो, ते विद्यार्थी पाहत असतात. प्रणाली घाईने पुन्हा बसविली, तर अडचण आली की सर्व पुसून टाकावे, हा धडा त्यांना मिळतो. यादी वाचून, एक प्रश्न विचारून, त्याचे उत्तर फळ्यावर लिहून पुढील प्रश्नाकडे वळल्यास त्याच अर्ध्या तासात निरीक्षण, गृहीतक व पडताळणी यांचे प्रात्यक्षिक घडते. त्यासाठी वेगळ्या उपकरणाची गरज नाही. बंद पडलेला अडॅप्टर पुरेसा आहे.